हाडाचा तुकडा बाटलीत पडतो तिथून पुढे

सकाळी दहाच्या सुमारास ट्रे येतो. पित्ताशय, अपेंडिक्स, गर्भाशय, थायरॉइड, हे रोजचं. त्यात मधेच एखादी छोटी बाटली असते. तळाशी दोऱ्याएवढे दोन-तीन पांढरट-लालसर तुकडे आणि सोबतच्या फॉर्मवर एवढंच: ‘लेफ्ट नी स्वेलिंग, रूल आउट मॅलिग्नन्सी’, म्हणजे डाव्या गुडघ्याला सूज, कॅन्सर नाही ना ते बघा. वय लिहिलेलं असलं तर नशीब. एक्स-रे नाही, दुखणं कधीपासून ते नाही, मधे मार लागला होता का तेही नाही. ठाण्यात हिस्टोपॅथॉलॉजीच्या (काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासण्याच्या) टेबलावर काम करणाऱ्या आम्हा मंडळींना अख्ख्या ट्रेमधली हीच बाटली जड जाते.

पित्ताशयाचा कॅन्सर फॉर्म कोरा असला तरी काचेखाली ओळखू येतो. हाडाचं तसं नाही. कूर्चेची गाठ घ्या. त्याच पेशी, तशीच गर्दी, बोटाच्या हाडातून आली असेल तर ती साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली, एन्कॉन्ड्रोमा, आणि कमरेच्या हाडातून आली असेल तर कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणाने तर हे नावातच आणलं: हातापायाच्या लांब हाडातल्या सौम्य दिसणाऱ्या गाठीला ‘अटिपिकल कार्टिलाजिनस ट्यूमर’ म्हणायचं, आणि हुबेहूब तशीच दिसणारी गाठ कमरेत किंवा मणक्यात असली तर ‘ग्रेड एक कॉन्ड्रोसार्कोमा’. स्लाइडवर फरक नाही, फरक पत्त्याचा. म्हणून हाडाच्या रिपोर्टला आधी वय लागतं, मग जागा, मग एक्स-रे. मायक्रोस्कोपचा नंबर चौथा.

वय आणि जागा कळली की निम्मी यादी तिथेच गळते. दहा ते वीस वर्षांचं मूल, गुडघ्याच्या जरा वर किंवा जरा खाली, हाडाच्या वाढत्या टोकाशी सूज आणि दुखणं: ऑस्टिओसार्कोमा, हाड तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर, पहिला डोक्यात येतो. त्याच वयात मांडीच्या हाडाच्या मधल्या भागात किंवा कमरेच्या सपाट हाडात गाठ, सोबत ताप, ईएसआर (शरीरात सूज असल्याचं सांगणारी रक्ततपासणी) चढलेला: ईविंग सार्कोमा, हाडाचा आणखी एक कॅन्सर. हाच ताप बघून ‘हाडात पू झालाय’ असं धरून दोन-दोन आठवडे अँटिबायोटिक चालतं. वाढ पूर्ण झालेली, वय वीस ते चाळीस, गाठ थेट सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत भिडलेली: जायंट सेल ट्यूमर. पोराच्या गुडघ्याजवळ वर्षानुवर्षं असलेला टणक कोंब बहुतेक वेळा ऑस्टिओकॉन्ड्रोमा असतो; मुलाची वाढ थांबली की तोही थांबतो, आणि मोठेपणी पुन्हा वाढायला लागला किंवा त्याच्यावरची कूर्चेची टोपी दोन सेंटिमीटरपेक्षा जाड निघाली तरच काळजी. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, साध्या वेदनाशामक गोळीने चटकन थांबणारं, आणि सीटी स्कॅनमध्ये दीड सेंटिमीटरहून लहान ठिपका, हे ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचं. तो आता सुईतून उष्णता देऊन जाळतात आणि कित्येकदा आमच्याकडे तुकडा येतच नाही. चाळिशीनंतर हाडात भोक दिसलं की हाडाचा स्वतःचा कॅन्सर सगळ्यात शेवटी धरायचा. आधी स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, किडनी, थायरॉइड यांतून पसरलेला कॅन्सर आणि मायलोमा (मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) बघायचा.

एक्स-रेबद्दल एक गैरसमज घरोघर आहे: एमआरआय काढलाय ना, मग एक्स-रे कशाला? हाडाची गाठ किती वेगाने वाढतेय हे साध्या एक्स-रेइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. गाठीभोवती पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक पांढरी कड असेल तर हाडाला कुंपण घालायला सवड मिळाली आहे, गाठ संथ आहे. कड पुसट असेल, हाड वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं असेल, तर ती सवड मिळालेली नाही. हाडावरचं पातळ आवरण उचललं जाऊन कोपऱ्यात त्रिकोण तयार झाला तर तो कॉडमनचा त्रिकोण. उभ्या काड्यांसारखं नवं हाड दिसलं तर सूर्यकिरणांची खूण. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले तर ईविंगची शंका. समोरून आणि बाजूने अशा दोन फिल्म, जवळचा सांधा फिल्ममध्ये आलाच पाहिजे. मात्र एक्स-रे उशिरा जागा होतो. हाडातला तीस ते पन्नास टक्के खनिज भाग गेल्याशिवाय भोक दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्याला सहा आठवड्यांनंतर काही किंमत उरत नाही. दुखणं तसंच असेल, रात्रीही असेल, तर पुन्हा फिल्म काढायची किंवा एमआरआय करायचा.

आणि मुका मार. शहापूर-मुरबाडकडचा मुलगा असो की ऐरोली-घणसोलीचा, केसपेपरवर ‘कबड्डी खेळताना मार लागला’ असतंच. मार लागल्यामुळे गाठ होत नाही. मार लागतो, तिथे हात जातो, आणि आधीपासूनची गाठ हाताला लागते. पण त्या माराच्या नावाखाली तेल लावून मालीश, शेकणं, हाडवैद्याची पट्टी, यात दीड-दोन महिने जातात. न ओळखलेल्या सुजेवर मालीश नको, एवढं एक वाक्य प्रत्येक फिजिओथेरपीच्या खोलीत लावायला हरकत नाही.

एमआरआय बायोप्सीच्या आधी. हा क्रम उलटा झाला की सुईमुळे झालेलं रक्त आणि सूज चित्रात मिसळते आणि गाठ कुठे संपते ते नीट दिसत नाही. दुसरी चूक अधिक नेहमीची: फॉर्मवर ‘एमआरआय नी’ लिहिलं जातं आणि सेंटरवाले नेमका गुडघाच काढून देतात. गाठ मांडीच्या हाडात असेल तर मांडीचं हाड अख्खं हवं, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत. कारण ऑस्टिओसार्कोमा कधीकधी त्याच हाडात चांगला भाग सोडून वर आणखी एक ठिपका ठेवतो. तो सुटला तर कापण्याची रेघ चुकते. चिठ्ठीवर ‘पूर्ण फीमर’ असं लिहून घ्या. दुसऱ्यांदा स्लॉट मिळवण्यापेक्षा ते सोपं. छातीचा सीटी वेगळा, कारण सार्कोमा, म्हणजे हाड, स्नायू, चरबी यांसारख्या भागांचा कॅन्सर, रक्तावाटे पहिला फुप्फुसात जातो. इतर हाडांसाठी बोन स्कॅन किंवा पेट-सीटी.

मग सुई.

अमेरिकेतले हाडांचे सर्जन हेन्री मॅन्किन यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांच्या बायोप्सींचा हिशेब मांडला. त्यात ४.५ टक्के रुग्णांचा हात किंवा पाय केवळ बायोप्सी चुकल्यामुळे कापावा लागला होता. १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा मोजलं. आकडा ३ टक्क्यांवर आला, म्हणजे फार काही बदललं नाही. चुका ज्या केंद्रात पुढची शस्त्रक्रिया होणार तिथे कमी होत्या, आणि बाहेर बायोप्सी करून पाठवलेल्यांत कितीतरी पट जास्त. कारण यांत्रिक आहे. सुई किंवा चाकू ज्या वाटेने आत जातो, ती अख्खी वाट गाठीच्या पेशींनी माखली असं धरायचं, आणि मुख्य शस्त्रक्रियेत ती वाट गाठीसोबत एकाच तुकड्यात काढायची. म्हणून छेद उभा, हातापायाच्या लांबीच्या दिशेने. आडवा छेद घेतला की काढायची कातडी दुप्पट-तिप्पट होते आणि जखम बंद होत नाही. खांद्याला डेल्टॉइडच्या पुढच्या भागातून जायचं. डेल्टॉइड आणि छातीच्या स्नायूमधली ती सोयीची फट टाळायची, कारण तिथून गेलं की महत्त्वाच्या रक्तवाहिन्यांच्या बाजूला पेशी सांडतात. गुडघ्याजवळ सांध्यात शिरायचं नाही. ड्रेन ठेवायचाच तर जखमेच्या रेषेत, टोकाशी. बाजूला वेगळं भोक पाडलं तर तेही भोक पुढे काढावं लागतं.

आमच्या बाजूने सांगायचं तर सुई कुठे टोचली यावर आमचं अर्धं काम ठरतं. गाठीच्या मधोमध बहुतेक मेलेला भाग असतो. कॉडमनच्या त्रिकोणातून घेतलं तर नवं, प्रतिक्रियेने तयार झालेलं निरोगी हाड येतं, आणि आम्हाला ‘रिअ‍ॅक्टिव्ह बोन’ लिहावं लागतं. ते वाचून घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. तो रिपोर्ट ‘कॅन्सर नाही’ असा नसतो, ‘सुई गाठीत गेली नाही’ असा असतो. हाडाबाहेर आलेला गाठीचा मऊ भाग सगळ्यात उत्तम: सुईला सोपा, डीकॅल (कॅल्शियम काढणं) नको, आणि पेशी जिवंत. मऊ भागाला १४ गेजची ट्रू-कट सुई चालते, हाडाला ८ किंवा ११ गेजची जमशिदी सुई. एकाच छिद्रातून दिशा थोडी बदलत चार ते सहा तुकडे मिळाले तर पुढच्या सगळ्या तपासण्यांना पुरतात. एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेणं, स्वस्त आणि पाच मिनिटांत होते, म्हणून लोक तिच्यावर अडतात. पण ती सुट्या पेशी देते, रचना देत नाही. गाठीची पहिली ओळख रचनेवरून पटते. सार्कोमा आधीच माहीत असेल आणि तो परत आलाय का हे बघायचं असेल तेव्हा एफएनएसी ठीक.

आता बाटली. यावर जरा थांबतो, कारण इथे होणाऱ्या चुका अगदी घरगुती असतात आणि भरून निघत नाहीत.

तुकडा कुजू नये म्हणून तो फॉर्मालिनमध्ये बुडवतात. बाजारात मिळतं ते फॉर्मालिन ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं. त्याचा एक भाग आणि पाणी-बफर नऊ भाग, असं दहा टक्के बफर्ड फॉर्मालिन वापरायचं. दाट फॉर्मालिन तसंच ओतलं की तुकडा बाहेरून कडक होतो आणि आत कच्चा राहतो. द्रव तुकड्याच्या किमान दहापट. फॉर्मालिन साधारण तासाला एक मिलिमीटर आत जातं, म्हणून सुईच्या तुकड्याला सहा-आठ तास पुरतात, आणि लिंबाएवढी गाठ न कापता तशीच टाकली तर दुसऱ्या दिवशी मधे लगदा मिळतो. बाटली रुंद तोंडाची. इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत तुकडा मऊ असताना सहज आत जातो. फॉर्मालिनमध्ये ताठ झाला की गळ्यातून बाहेर येत नाही, आणि टेबलावर हातोडीने कुपी फोडावी लागते. नाव बाटलीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही. ओटीत दोन बाटल्यांची झाकणं एकदम उघडली की काय होतं ते सांगायला नको. सलाईनमध्ये फॉर्मालिन नसतं, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सलाईनमध्ये ठेवलेला तुकडा सोमवारी सकाळी, तोही मे महिन्यात, रिपोर्ट करण्याच्या लायकीचा राहत नाही. सुका गॉझ तर त्याहून वाईट; तुकडा कापडाच्या धाग्यांत चिकटून वाळतो आणि पेशी चिरडल्या जातात.

पण सलाईनची एक बाटली हवीच, दुसरी. आपल्याकडे हाडाचा टीबी गाठीचं सोंग घेतो आणि गाठ टीबीचं. म्हणून तुकड्यांचे दोन वाटे करायचे: मोठा वाटा फॉर्मालिनमध्ये आमच्याकडे, छोटा वाटा निर्जंतुक सलाईनमध्ये कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) यांसाठी. फॉर्मालिनने जंतू मरतात, मग कल्चरला काही उरत नाही. हाडांच्या डॉक्टरांत जुनी म्हण आहे: पू वाटला तरी बायोप्सीला पाठव, गाठ वाटली तरी कल्चरला पाठव.

तुकडे बाटलीतून काढल्यावर पहिली गोष्ट आम्ही करतो ती म्हणजे बोटाने आणि चिमट्याच्या टोकाने हळूच चाचपणी. कडक ते एका कॅसेटमध्ये (तुकडा ठेवायची छोटी जाळीदार डबी), मऊ ते दुसऱ्या कॅसेटमध्ये. मऊ तुकड्यांना डीकॅलमध्ये जाऊ द्यायचंच नाही. हे काम दोन मिनिटांचं आहे. ते केलं नाही तर आठवड्यानंतर फिश (जनुकांतला बदल दाखवणारी) तपासणी लागते आणि ब्लॉकमध्ये डीएनए शिल्लक नसतो.

डीकॅल म्हणजे हाडातला कॅल्शियम काढून टाकणं. नाहीतर मायक्रोटोमचं पातं हाडावर आपटतं, तुकडा भुगा होऊन निघतो आणि पात्याची धार जाते. यासाठी तीन मार्ग. पाच टक्के नायट्रिक आम्ल: काही तासांत काम, पण जरा जास्त वेळ राहिलं की केंद्रकं निळा रंग घेत नाहीत, सगळी स्लाइड गुलाबी दिसते आणि पुढच्या तपासण्यांचं दार बंद. पाच ते दहा टक्के फॉर्मिक आम्ल: सुईच्या तुकड्याला काही तास ते एक दिवस, मोठ्या तुकड्याला कित्येक दिवस, रोजच्या कामाला हेच बरं. ईडीटीए: सगळ्यात सौम्य, पीएच सातच्या जरा वर, पण सावकाश, सुईच्या तुकड्यालाही एक ते तीन दिवस, मोठ्या हाडाला आठवडे. गुणसूत्रांच्या तपासणीची शक्यता असेल तर ईडीटीएच. ‘डॉक्टर, रिपोर्ट उद्याच पाहिजे’ या फोनला बळी पडून नायट्रिककडे हात गेला की रिपोर्ट उद्या मिळतो, पण तो ‘मत देता येत नाही’ असा.

आधी फॉर्मालिनमध्ये पूर्ण पक्कं करायचं, मगच आम्ल. कच्च्या तुकड्याला आम्ल लागलं की पेशी फुगून फुटतात. कॅसेटवर नंबर पेन्सिलनेच, कारण आम्ल शाई पुसून टाकतं. पेन्सिलचं शिसं टिकतं. कॅल्शियम गेला का हे बघायला तुकड्यात टाचणी टोचून पाहायची जुनी सवय आहे. टोचलेल्या प्रत्येक जागी भोक पडतं आणि ते स्लाइडवर दिसतं. त्यापेक्षा वापरलेल्या आम्लातलं पाच मिली घ्यायचं, अमोनियाने उदासीन करायचं, त्यात अमोनियम ऑक्सलेट घालायचं. गढूळ झालं तर कॅल्शियम अजून निघतोय, द्रव बदलून पुन्हा ठेवायचा. स्वच्छ राहिलं तर काम झालं. तुकडा वाहत्या पाण्यात धुऊन पुढे प्रोसेसिंगला.

एवढ्या सगळ्यानंतर पॅराफिनचा ब्लॉक, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचललेले, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनमध्ये रंगवलेले. म्हणून हाडाच्या रिपोर्टला पाच ते सात दिवस लागतात, आणि आयएचसी (पेशींतली विशिष्ट प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी) लागलं तर वर आणखी तीन-चार. पित्ताशयाचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी मिळाला म्हणून हाडाचा का नाही, हा प्रश्न काउंटरवर रोज येतो.

काचेखाली फसवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. ऑस्टिओसार्कोमाचं निदान एकाच गोष्टीवर: बिघडलेल्या पेशी स्वतः हाडाचा कच्चा माल, ऑस्टिऑइड, तयार करताना दिसल्या पाहिजेत, जाळीदार, गुलाबी, पेशींच्या मधे विणल्यासारखा. पण मोडलेलं हाड जुळतानाही तिथे तरुण पेशींची गर्दी आणि कच्चं हाड असतं. तुकडा मोडलेल्या जागेचा आहे हे फॉर्मवर नसेल तर भरून येणारं हाड कॅन्सर वाटू शकतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स त्याहून बेरकी. मांडीला मार लागतो, स्नायूत हाड धरायला लागतं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणी मधोमध सुई टोचली तर चित्र सार्कोमासारखं. ओळखायची खूण अशी की त्यात पक्कं हाड कडेला आणि कच्चं मधे असतं, एक्स-रेतही पांढरेपणा कडेपासून सुरू होतो. हाड बनवणाऱ्या सार्कोमात बहुधा उलट. इथे मार कधी लागला ती तारीख कुठल्याही आयएचसीपेक्षा मोलाची. मुका मार लिहायचाच असेल तर तारखेसकट लिहा.

जायंट सेल, म्हणजे अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी, दिसल्या म्हणून लगेच जायंट सेल ट्यूमर नसतो. पॅराथायरॉइडच्या बिघाडाने होणारा ब्राउन ट्यूमर हुबेहूब तसाच दिसतो, आणि तिथे शस्त्रक्रिया गळ्याची करायची असते, गुडघ्याची नाही. म्हणून रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) आधी. खरा जायंट सेल ट्यूमर असेल तर एच ३ जी ३४ डब्ल्यू नावाचा रंग बहुतेक वेळा पकडतो. तो साधा असला तरी हट्टी: खरवडून, बर मशीनने भिंत घासून, पोकळीत सिमेंट भरूनही परत येऊ शकतो, आणि क्वचित फुप्फुसातही ठिपके सोडतो. साधा आणि निरुपद्रवी हे दोन शब्द हाडाच्या बाबतीत एक नाहीत.

ईविंगच्या स्लाइडवर नुसते निळे गोल ठिपके दिसतात. लिम्फोमा, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, न्यूरोब्लास्टोमा हेही तसेच. आयएचसीतला सीडी ९९ हा रंग पॉझिटिव्ह आला म्हणून ईविंग लिहून टाकणं ही नवशिक्यांची चूक. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमालाही तो चढतो. सोबत एनकेएक्स २.२, लिम्फोमासाठी एलसीए आणि टीडीटी, स्नायूसाठी डेस्मिन आणि मायोजेनिन असा संच लावायचा, आणि शेवटचा शिक्का ईडब्ल्यूएसआर १ या जनुकाच्या फिशचा. केमो चार वेगळ्या वाटांनी जाते, म्हणून ही दोन-तीन दिवसांची चिकाटी सोडायची नाही.

मऊ भागातल्या गाठींची तऱ्हा वेगळी. तिथे साध्या गाठी सार्कोमाच्या शंभरपट असतात, त्यामुळे ‘चरबीची गाठ आहे, काढून टाकू, भूल सुद्धा लोकल पुरेल’ हे शंभरातल्या नव्व्याण्णवांना खरं ठरतं. शंभराव्याची बाटली आमच्याकडे येते ती सहा तुकड्यांत, कुठली बाजू वर ते नाही, शिवणीची खूण नाही. रिपोर्ट सार्कोमाचा, आणि कड सुटली का, या प्रश्नाला उत्तर नाही. मग ती अख्खी जागा पुन्हा काढायची, अनेकदा सोबत रेडिएशन. हे टाळायला एक टेप पुरते. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी आहे, खोल आहे, स्नायू ताणला की हलेनाशी होते, वाढतेय, किंवा आधी काढलेली परत आलीय. यांतलं एकही असलं तर आधी एमआरआय, मग सुई, मग चाकू. दुखत नाही हा दिलासा नाही, बहुतेक सार्कोमा सुरुवातीला दुखत नाहीत. मांडीत खोल, दहा सेंटिमीटरच्या पुढची ‘चरबीची गाठ’ आली तर आम्ही एमडीएम २ या जनुकाची तपासणी केल्याशिवाय लायपोमा (चरबीची साधी गाठ) लिहीत नाही.

निदान झालं की फाइल बहुतेक वेळा परळच्या टाटा मेमोरियलकडे किंवा टाटाच्याच, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेककडे निघते. तिथे आमच्या कागदी रिपोर्टवर उपचार सुरू होत नाहीत, स्लाइड आणि ब्लॉक मागतात, आणि ते योग्यच आहे. लॅबला लेखी अर्ज द्यायचा, रजिस्टरमध्ये सही करून स्लाइड-ब्लॉक घ्यायचे. ते रुग्णाला मिळतात. स्लाइड पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या स्लाइड-बॉक्समध्ये, रुमालात गुंडाळून नव्हे. ब्लॉक मेणाचे आहेत, साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतात. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून पनवेल लोकल पकडली तर खारघर थेट, आणि पावसाळ्यात एक्स-रेच्या फिल्म कागदी पाकिटात नेऊ नका, भिजून एकमेकींना चिकटतात. सगळ्या सीडी, सगळ्या फिल्म, पहिल्या दिवसापासूनच्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मंजुरीसाठी बायोप्सी रिपोर्ट लागतो, आणि त्यावरचं नाव आधार आणि रेशनकार्डाशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. फॉर्म भरताना वडिलांचं नाव गाळलं किंवा आडनावाचं स्पेलिंग बदललं की मंजुरी अडते आणि नातेवाईक दुरुस्तीसाठी पुन्हा आमच्या काउंटरवर येतात.

ऑस्टिओसार्कोमात आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. बहुतेकांचा पाय आता वाचतो. काढलेलं हाड लॅबच्या टेबलावर आलं की गाठीचं दुसरं खातं सुरू होतं. सगळ्यात आधी, करवत लावायच्या आत, हाडाच्या कापलेल्या टोकातून मज्जेचा चकतीएवढा भाग काढून वेगळा ठेवायचा. नंतर घेतला तर करवतीच्या भुशातल्या गाठीच्या पेशी त्यावर बसतात आणि स्वच्छ कड खोटीच खराब दिसते. बाहेरून शाई. बायोप्सीच्या वाटेवरची कातडी तुकड्याला लागून आली आहे का, तिची रेघ फोटोत दिसतेय का. मग उभा मधोमध काप, त्यातून पाच मिलिमीटर जाडीची एक पूर्ण चकती, तिचा फोटो, आणि फोटोवर चौकटी आखायच्या. प्रत्येक चौकट एक कॅसेट, प्रत्येक कॅसेटला नकाशावरचा नंबर. वीस ते तीस कॅसेट सहज होतात, आणि त्या सगळ्या डीकॅलमध्ये. म्हणून हा रिपोर्ट पंधरा दिवस मागतो. मग चौकट-चौकट करत केमोने किती टक्के गाठ मेली ते मोजायचं. नव्वद टक्के किंवा अधिक म्हणजे चांगला प्रतिसाद. हाड पन्नास ग्रे रेडिएशन देऊन त्याच रुग्णात परत बसवलं असेल तर आमच्या हाती फक्त खरवडलेला भाग येतो, आणि तिथे हा टक्का इतक्या विश्वासाने देता येत नाही. तसं रिपोर्टमध्ये लिहितो. चौकटींचा नकाशा आम्ही रिपोर्टला जोडतो, मेलेला भाग पांढरा ठेवून, जिवंत पेशी सापडलेल्या चौकटी लाल पेन्सिलने भरून.